वाळूतला ८ मायक्रॉनचा डायटम: नवी जात म्हणून वर्णन करायला काय काय लागतं?

भाट्येकर:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवरून, ओहोटीला वरवरचा थर खरवडून वाळू आणतो. पेरॉक्साइडमध्ये उकळून स्लाइड केल्या की एक लंबगोल डायटम (सिलिकाचं कवच असलेलं एकपेशी शेवाळ) हटकून दिसतो. लांबी ८ मायक्रॉन, १० मायक्रॉनात साधारण २० रेघा, मधली चीर (राफे, कवचावरची लांब फट) नाहीच. ॲल्गीबेसवर (शेवाळांच्या नावांची ऑनलाइन सूची) खूप शोधलं, जुळणारं काही मिळेना. नवी जात म्हणून छापायचं तर काय लागतं? लॅटिन येत नाही.

काजळीकाठ:
अरे वा! गावाचंच नाव दे, भाट्येन्सिस. फुकट प्रसिद्धी.

नॅफ्रॅक्सवाली:
बारशाची घाई नको. भाट्येकर, अख्खी पेशी पाहिलीत का? डायटमचं कवच दोन अर्धुकांचं. कोकोनिस, प्लॅनोथिडियम, ॲक्नँथिस या मंडळींत चीर एकाच अर्धुकाला असते, दुसरं कोरं. उकळलंत की दोन्ही सुटी होतात आणि एकाच पेशीच्या दोन जाती वाटायला लागतात. त्याच मापाचं, चीर असलेलं काही स्लाइडवर आहे का ते आधी शोधा. सापडलं तर तुमचा डायटम वेगळ्याच घराण्यात जाईल.

शिवाय भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. ती वरून रिकामी कवचं आणून टाकणारच, आणि उकळलेल्या स्लाइडवर मेलेलं-जिवंत सगळं सारखंच दिसतं. थोडी वाळू न उकळता, समुद्राच्याच पाण्यात भिंगाखाली ठेवा. दाण्यांच्या खाचांत बघा. उघड्या बाजूवरचं लाटांच्या घासण्यात टिकत नाही. तपकिरी हरितलवक असलेली पेशी दाण्याला धरून बसलेली दिसली, की तो तिथला रहिवासी.

एकदोन कवचं मोजून भागत नाही. नवं अर्धुक जुन्याच्या आत बनतं, म्हणून पिढ्यांगणिक माप घटतं आणि लांबट आकार गोलसर होत जातो. कदाचित तुमच्याकडचा ८ मायक्रॉनचा नमुना एखाद्या ओळखीच्या जातीचा शेवटचा, आखूड नमुना असेल. मोठ्यापासून लहानापर्यंत सगळी रांग लावून फोटो द्या.

एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो) लागेलच, कवचाच्या आतल्या बाजूचंसुद्धा. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२ मायक्रॉनच्या आसपास, त्यात रेघांमधली छिद्रं काय दिसणार?

कागदोपत्री भाग त्या मानाने सोपा. २०१२ पासून लॅटिन सक्तीचं नाही, इंग्रजी वर्णन चालतं. चित्र हवं, होलोटाइप (जातीचं नाव ज्या नमुन्याला बांधलेलं असतं तो) हवा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय ते छापावं लागतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत विचारा. होलोटाइप कॉलेजच्या कपाटात ठेवू नका, तिथे पुढच्या बॅचलासुद्धा तो सापडत नाही.

दर्यावर्दी:
ॲल्गीबेसवर नाव तपासता येतं, आकारावरून ओळख पटत नाही. विटकोव्स्की आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा सागरी किनाऱ्यांवरच्या डायटमचा जाडजूड ग्रंथ मिळवा आणि त्यातल्या चित्रांशी ताडा. डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांचे राधानगरीचे लेख सुरेख आहेत, पण ते गोड्या पाण्यातले. नदीतून आलेली कवचं वेगळी काढायला मात्र कामाचे.

भाट्येकर:
चीर असलेलं अर्धुक उद्या शोधतो. पण नव्या स्लाइडवर सुयांसारखे स्फटिक भरलेत, कवचं नीट दिसतच नाहीत. पेरॉक्साइडने पुरेसं साफ होईना म्हणून या खेपेला सल्फ्युरिक वापरलं होतं.

नॅफ्रॅक्सवाली:
वाळूत शिंपल्यांचा चुरा असणार. त्यातलं कॅल्शियम आणि सल्फ्युरिक मिळून जिप्सम झालं. ही स्लाइड सोडून द्या. नव्या वाळूवर आधी पातळ हायड्रोक्लोरिक, फेस थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड पाण्याने धुवत राहा, मीठसुद्धा जायला हवं. त्यानंतर पेरॉक्साइड, सल्फ्युरिकच्या वाटेला जाऊच नका. धुताना घाईने पाणी ओतू नका. ८ मायक्रॉनचं कवच तळाशी बसायला वेळ घेतं, रात्रभर ठेवा.