मदत हवी आहे: बागेच्या आखणीत शेजाऱ्यांना कसं ओढायचं?

इमारतीमागच्या रिकाम्या जागेत सगळ्यांनी मिळून बाग करायचं ठरतंय. बैठकीला नेहमीचेच चारजण आले, आणि बोललो आम्ही दोघंच! आता वाटतंय, कागदावरचा नकाशा दाखवण्यापेक्षा जागेवरच चुन्याने वाफे आखावेत आणि येता-जाता लोकांना रेघा बदलू द्याव्यात. टोमॅटो-वांग्यांना रोज निदान 6 तास ऊन लागतं, त्यामुळे ते वाफे फारसे हलणार नाहीत. पण पायवाट, बाकं, मुलांचा कोपरा यांवर मतं हवीच आहेत. कुणी असं करून पाहिलंय का? ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी वाफे किती उंच ठेवलेत? आणि उत्साह ओसरल्यावर पाणी कोण घालणार, हे आधीच कसं ठरवलंत?