मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच रेचक का नाही देत?

पाऊलवाट:
आईचा कॅन्सर हाडांत उतरलाय, कूस बदलायची म्हटली तरी ओरडायची. मॉर्फिन सुरू झालं आणि तिसऱ्या रात्री ती पहिल्यांदा सलग झोपली, आम्ही सगळे खूश, आणि त्या खुशीत सहा दिवस तिला संडासला झालेली नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पोट टम्म, जेवण बंद. चादर बदलताना उशीखाली तीन गोळ्या सापडल्या, अर्धवट विरघळलेल्या. कशामुळे होतंय ते तिला कळलं होतं, म्हणून तोंडातून काढून ठेवत होती. माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही औषधं एकाच दिवशी सुरू व्हायला हवीत. मळमळ, गुंगी थोड्या दिवसांत ओसरते, शरीराला सवय होते. बद्धकोष्ठाची सवय होत नाही, मग वाट कसली बघायची?

रातराणी:
नाही पटत. आधीच मूठभर गोळ्या, त्यात अजून. बाबांना सेनाच्या, म्हणजे सोनामुखीच्या रेचक गोळीने अशी कळ यायची की नळ घट्ट धरून बसायचे. शेवटी तेच म्हणाले मॉर्फिन कमी करा, थोडं दुखलं तरी चालेल पण पोट मोकळं हवं. त्यांचं ऐकायला नको? त्यापेक्षा इसबगोल द्या, पाणी पाजा.

साधामाणूस:
इसबगोल नको हो, प्लीज. मॉर्फिनने आतड्याची हालचालच मंदावते आणि मळातलं पाणी शोषलं जाऊन तो दगड होतो, त्यात पाणी कमी पिणारा, पडून असलेला पेशंट, इसबगोल फुगून तिथेच अडकू शकतं. सेना किंवा बिसाकोडिल आतडं हलवतं, लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर मळात पाणी धरून ठेवते. कळ येत असेल तर डॉक्टरांना सांगून सेना कमी आणि पावडर जास्त असं करता येतं, त्यासाठी दुखणं कशाला अंगावर काढायचं?

रातराणी:
मग सरळ कातडीवर चिकटवायचा पॅच लावा ना, फेंटॅनिल या दुखणं थांबवणाऱ्या औषधाच्या पॅचने पोट कमी धरतं म्हणतात.

पाऊलवाट:
कमी धरतं, पण धरतंच. आणि पॅचचा डोस पटकन वरखाली करता येत नाही, दुखणं रोज बदलत असेल तर तो नाही चालत.

उंबरठा:
दोघांनाही एक सांगते. सासूबाईंना पातळ व्हायला लागलं म्हणून मीच रेचक बंद केलं, तर आत मळाचा खडा अडकलेला आणि बाजूने नुसतं पाणी येत होतं. तेव्हा पातळ दिसलं की तपासून घ्या. आणि पोट फुगून उलट्या होतायत, वारा पण सरत नाहीये, असं असेल तर रेचक देऊच नका, आतडं बंद झालेलं असू शकतं, लगेच दवाखाना. केमोने पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर एनिमाही आपल्या मनाने नाही.

रातराणी:
डोस कमी करायचा हक्क बाबांचाच, हे मी सोडणार नाही. पण पावडरचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांच्यापुढे दोनच गोष्टी होत्या, दुखणं नाहीतर पोट. उद्या डॉक्टरांना विचारते, मग परत त्यांनाच ठरवू दे.