अनुभव धागा : तुमच्याकडे थंडीला, दंवाला आणि गारांना काय म्हणतात?

रानजाई
महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दंव गोठल्याची बातमी वाचली आणि त्यातल्या 'हिमकण' या शब्दापाशी थांबून आजीची आठवण आली. आमच्या सातारा भागात ती पहाटेच्या दंवाला 'दहिवर' म्हणत असे. हरभरा घाट्यावर आला की ती रात्री त्यावर धुतलेले पांढरे फडके अंथरून ठेवी, दहिवराने भिजलेले ते फडके उजाडण्यापूर्वी पितळेच्या पातेल्यात पिळी आणि निघालेली आंब बाटलीत भरून पोटदुखीसाठी जपून ठेवी. हरभऱ्याच्या पानांवरचे आम्ल दहिवरात उतरते, म्हणून ते पाणी चांगलेच आंबट लागते. माझ्या मुलांच्या कानावर हा शब्द आता पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपापल्या भागातले शब्द कृपया लिहावेत. ते कोण आणि कशाच्या संदर्भात वापरते, हेही सांगितले तर फार बरे होईल.

पायवाट
यवतमाळकडे आम्ही धुक्याला 'धुवारी' म्हणतो आणि शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द कौतुकाने कधीच येत नाही. तूर फुलावर असताना लागोपाठ धुवारी पडली, की सकाळी झाडाखाली पिवळ्या फुलांचा सडा दिसतो आणि वर्षाचा हिशेब तिथेच बिघडतो. वडील संध्याकाळीच बांधावर काडीकचरा रचून ठेवत आणि मध्यरात्रीनंतर तो पेटवून शेतावर धूर धरत.

चांदणवेल
आमच्या लातूर भागात हिलाच 'धुई' म्हणतात. धुई आणि ढगाळ हवा एकत्र आली, की आई ज्वारीची पाने उलटून चिकटा, म्हणजे मावा किडीचा चिकट स्राव, पडला आहे का ते पाही.

पायवाट
चिकट्याचा उल्लेख वाचून बरे वाटले. आणखी एक फरक सांगायचा राहिला. पुण्यात शिकायला गेल्यावर मी 'थंडी वाजते' असे रोज ऐकू लागलो. आमच्याकडे थंडी 'लागते'.

सागरकाठ
गोव्यात कोंकणीत 'हींव जाता' असे म्हणतात. हिवाळा आणि हिवताप या शब्दांमध्ये जे हीव आहे, तेच आमच्या रोजच्या बोलण्यात अजून एकटे वावरते आहे, आणि ते तसेच राहावे असे मला फार वाटते.

द्राक्षवेल
निफाडला आम्ही 'कडाका' हा एकच शब्द वापरतो, परंतु तो उच्चारताना पोटात गोळा येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा पाच अंशांच्या खाली गेल्याचे कळले, की त्या रात्री घरात कोणी नीट झोपत नाही. द्राक्षमण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले, म्हणजे पिकू लागलेले, मणी तडकतात. म्हणून पहाटे ठिबक सुरू करायचे, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते, आणि ओळींमध्ये ठिकठिकाणी शेकोट्या पेटवायच्या. सविस्तर नंतर लिहीन, सध्या बागेत आहे.

उंबरठा
वेण्णा तलावाच्या बातमीत पारा शून्याच्या बराच वर होता, मग दंव गोठले कसे, हे कोणी सांगू शकेल का?

मळवाट
हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर गवत, गाड्यांचे टप आणि तलावाकाठच्या फळ्या आपली उष्णता भराभर आकाशात सोडतात आणि वरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड होतात. सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबलाही दंव याच रीतीने गोठते.

उंबरठा
आभारी आहे, आता नीट उलगडले.

काळीमाती
मी मराठवाड्यातला आहे आणि मला गारांविषयी लिहायचे आहे. 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये जी गारपीट झाली, तिच्यापूर्वी आमच्या घरात 'गारा' हा मुलांच्या आनंदाचा शब्द होता. अंगणात वाट्या घेऊन धावायचे आणि विरघळण्याआधी त्या तोंडात टाकायच्या. त्या दिवशी लिंबाएवढ्या गारांनी काढणीला आलेला गहू आणि ज्वारी आडवी केली, पत्रे फुटले, बांधावरच्या बाभळीखाली मेलेल्या पाखरांचा खच पडला आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तरी ताली-बांधांच्या कडेला गारांचे ढीग शिल्लक होते. चुलते फावड्याने ते बाजूला करत होते आणि कोणाशीही बोलत नव्हते.

चांदणवेल
आमचाही गहू त्याच आठवड्यात गेला. तुमच्या चुलत्यांची अवस्था मी समजू शकते.

मळवाट
काळीमाती, वाचून फार वाईट वाटले. शब्दाचीच एक नोंद करतो : माझ्या आजोळी पांढऱ्या गारगोटीलाही 'गार' म्हणतात, त्यामुळे 'गारांचे रान' म्हटले की तिथे पावसाचा संबंध नसतो, कुळवाला लागणारी दगडगोट्यांची जमीन अभिप्रेत असते. खानदेशातल्या आणि कोल्हापूरकडच्या मंडळींनी अजून लिहिलेले नाही. 'काकडून जाणे' तिकडे अजून बोलतात का?