बदलापूर पश्चिमेला नदीच्या बाजूला घर घ्यावं का?

प्रश्न (पहिलंघर): वालिवलीच्या बाजूला २ बीएचके बघतोय. पूर्वेला कात्रपला याच बजेटमध्ये घर लहान मिळतंय. सोबत सत्तरीचे आईवडील आहेत, नोकरी सीएसएमटीला. बिल्डर म्हणतो, २००५ नंतर इथे पाणी आलेलं नाही. कितपत खरं मानू? कागद कोणते मागू?

उल्हासकाठ: अजिबात मानू नका. २०१९ च्या जुलैअखेर नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, तो हाच पूर. २०२१ च्या जुलैतही हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली पाण्यात होती.

मुंबईसारखं भरतीचं वेळापत्रक बघून इथे उपयोग नाही. उल्हास नदी घाटमाथ्यावरून थेट खाली उतरते, त्यामुळे कर्जत-माथेरानला रात्रभर कोसळला की बदलापुरात पाऊस थांबलेला असतानाही नदी चढत राहते. आणि घरात पाणी बहुतेक वेळा नदीकडून नाही, नाल्यातून येतं. नदी फुगली की नाल्याचं तोंड दबतं, पाणी उलटं वस्तीत फिरतं. पूर्वी ते भातखाचरांत पसरायचं. तिथे भराव टाकून इमारती झाल्या, मग ते शेजारच्या सखल चाळींत जातं.

आता कागद. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम चालत नाही. दोन्हींच्या मधे चालतं, पण जोतं (प्लिंथ, म्हणजे तळमजल्याच्या फरशीखालचा उंच पाया) लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर वर हवं. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात झोन दाखला (जमीन कुठल्या झोनमध्ये येते त्याचा) आणि भागनकाशा (विकास आराखड्याचा तेवढ्या भागाचा नकाशा) मागा, पूररेषेचा उल्लेख लेखी घ्या. मंजूर नकाशातली जोत्याची पातळी मीटरमध्ये लाल रेषेच्या आकड्याशी ताडून बघा. "रस्त्यापेक्षा चार फूट वर आहे" हे उत्तर धरू नका, रस्ताच खोलात असू शकतो.

फलाट_एक: प्रवासाचं सांगतो. सीएसएमटी ६८ किमी, फास्ट लोकलने साधारण दीड तास. कर्जत-खोपोलीच्या गाड्या सकाळी भरूनच येतात. बसायला हवं असेल तर बदलापूरहून सुटणारी लोकल धरा, पण अंबरनाथहून उलटे बसून येणारेही तिच्यात असतात. कल्याणपुढे लोकल, पुण्याच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या सगळ्या त्याच दोन मार्गिकांवर, म्हणून एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. तिसरी-चौथी मार्गिका होईपर्यंत हे असंच राहणार.

पूर्व-पश्चिम जायला मुख्य भरवसा उड्डाणपुलावरच. बेलवलीच्या भुयारी मार्गात पावसात पाणी साचतं. आईवडिलांचे डॉक्टर पूर्वेला असतील तर हे आधी लक्षात घ्या.

पहिलंघर: इमारत उभी आहे, ओसीही (भोगवटा दाखला) मिळालीय. जागेवर जाऊन काय बघू?

जोतं_आणि_पाया: ओसी म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झालं. पाणी येणार नाही याची ती हमी नव्हे.

सगळ्यात आधी मीटरची खोली. ती स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये) जमिनीलगत असेल तर पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं की अख्ख्या इमारतीची वीज बंद करावी लागते. वीज गेली की लिफ्ट आणि पंप दोन्ही बंद, आणि वयस्कर माणसं वरच्या मजल्यावर विनापाणी अडकतात. मीटर पहिल्या लँडिंगवर घेतलेले असतील तर उत्तम.

मग भूमिगत टाकी. झाकण फरशीच्या पातळीला असेल तर पुराचं पाणी गटारासकट आत जातं. झाकणाभोवती निदान दोन फुटी कठडा हवा. पाणी शिरलंच तर टाकी पूर्ण उपसून, गाळ काढून, ब्लीचिंगने धुतल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, नाहीतर तीच घाण वरच्या टाकीत जाते. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आहे का तेही विचारा. नसेल तर तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येतं.

नव्या इमारतीचा रंग ताजा असतो, त्यावरून काही कळणार नाही. शेजारच्या जुन्या चाळीच्या भिंतीवरची गाळाची रेघ बघा आणि तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा, माल किती उंचीवर उचलून ठेवावा लागतो.

घर घेतलंच तर उल्हासवरच्या बॅरेजजवळचे (बंधाऱ्याजवळचे) नदीच्या पातळीचे दोन आकडे पाठ ठेवा: इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५० मीटर. इशाऱ्यालाच गाडी उंचावर न्या. गाडी बुडालीच तर स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात असं इंजिनचं नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.