मदत हवी आहे : दुहेरी कवचाच्या तेलवाहू जहाजाचे मॉडेल अर्धे भरले की कलते

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही टीआय वर्गातील (एकाच आराखड्यावर बांधलेल्या महाकाय जहाजांच्या गटातील) तेलवाहू जहाजाचे १:४०० प्रमाणातील मॉडेल तयार केले आहे. दक्षिण कोरियात २००२-०३ मध्ये बांधलेली ही चार जहाजे ३८० मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद आहेत, त्यामुळे मॉडेल ९५ सेंटिमीटर लांब व १७ सेंटिमीटर रुंद झाले. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढून तेल सांडल्यानंतर दुहेरी कवच सक्तीचे का झाले, हे मुलांना दाखवायचे असल्याने कुपवाडच्या एका कारागिराकडून जीआय पत्र्याची एकात एक अशी दोन कवचे करून घेतली. नियमाने मोठ्या जहाजात दोन कवचांतले अंतर किमान २ मीटर, म्हणजे आमच्या प्रमाणात ५ मिलिमीटर लागते. पण तेवढ्या फटीत डाग देता येईना, म्हणून आम्ही १ सेंटिमीटर ठेवले.

अडचण अशी की तासगावजवळच्या एका शेततळ्यात चाचणी घेतली तेव्हा आतली टाकी रिकामी ठेवून दोन कवचांमधल्या पोकळीत बॅलास्टचे (जहाज स्थिर राहावे म्हणून भरायचे) पाणी भरले असता मॉडेल सरळ तरंगले, टाकी काठोकाठ भरली तेव्हाही सरळच राहिले; मात्र पोकळी रिकामी ठेवून टाकी निम्मी भरताच ते डावीकडे कलून तसेच थांबले आणि बोटाने सरळ केले तर उजवीकडे कलले. वजन दोन्ही बाजूंना सारखे आहे, हे मी स्वतः तपासले आहे. टाकीत रुंदीच्या दिशेने आडवे पडदे आहेत, लांबीच्या दिशेने एकही नाही. आतली टाकी तळापासून उचलली गेल्यामुळे असे होते का, आणि पत्रा न उसवता यावर काही उपाय आहे का?

उत्तर : सर, मी काही वर्षे तेलवाहू जहाजांवर होतो, सध्या वाईला असतो. उचललेल्या तळामुळे गुरुत्वमध्य थोडा वर जातो हे खरे, पण मुख्य कारण टाकीतील पाण्याचा मोकळा पृष्ठभाग आहे. मॉडेल जरा कलले की पाणी त्याच बाजूला धावते, आणि या परिणामाचे प्रमाण टाकीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. आडव्या पडद्यांनी रुंदी कमी होत नाही. जहाजाच्या लांबीच्या दिशेने दोन पडदे घालून रुंदीचे तीन समान भाग केलेत तर हा परिणाम प्रत्येक भागात एक सत्तावीसांश, म्हणजे तिन्ही मिळून एक नवमांश उरेल. अशा मोठ्या जहाजांत डावी, मधली आणि उजवी अशा टाक्या असतात त्या याचसाठी. वरचे झाकण निघत असेल तर अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या वरून सरकवून कडांना एम-सील लावा. पट्ट्यांच्या खालून पाणी एका भागातून दुसऱ्यात झिरपत राहिले तर मात्र उपयोग होणार नाही.