मदत हवी आहे: निकेल आणि कार्बन नायट्राइड वापरूनही प्रकाशात हायड्रोजन मिळत नाही

निकेल_प्रकल्प: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी युरिया ५५० अंश सेल्सिअसला तापवून कार्बन नायट्राइड (प्रकाश शोषणारी भुकटी) केले, त्यावर निकेल बसवले आणि ती भुकटी पाणी व ट्रायइथॅनोलअमाइन (इलेक्ट्रॉन पुरवणारा द्रव) यांच्या मिश्रणात घालून दिव्याखाली ढवळत ठेवली. वरचा वायू जीसीत (वायू वेगळे करून ओळखणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) सोडला, तर आलेखात हायड्रोजनचे शिखरच दिसत नाही. उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम परवडत नाही, म्हणून निकेल निवडले आहे. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांना निकाल दाखवायचा आहे, तेव्हा नेमके काय बदलावे ते कृपया लवकर सांगावे.

रसायन_रसिक: दिवा कोणता, हवा कशी काढली आणि जीसीत वाहक वायू (नमुना पुढे नेणारा) कोणता, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. ते कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

प्लॅटिनमवादी: आधी याच भुकटीवर थोडे प्लॅटिनम चढवून पाहा. त्यानेही हायड्रोजन आला नाही, तर दोष निकेलचा नाही हे सिद्ध होते. हा ताळा घेतल्याशिवाय स्वस्त धातूंबद्दल काहीही बोलणे मला अशास्त्रीय वाटते.

रसायन_रसिक: ज्यांना प्लॅटिनम परवडत नाही, त्यांना प्लॅटिनम घ्या असे सांगून काय उपयोग? जस्तावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून मिळणारा हायड्रोजन सिरिंजने जीसीत सोडला, तर निदान यंत्राची परीक्षा फुकटात होते.

हरित_ऊर्जा: केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. सौर पॅनेलवर इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्याचे विघटन करणारे यंत्र) चालवणे हाच व्यवहार्य मार्ग असताना भुकट्यांच्या मागे का लागावे?

निकेल_प्रकल्प: प्रकल्पाचा विषय ठरलेला आहे, तो आता बदलता येणार नाही. दिवा पांढरा एलईडी आहे, नायट्रोजन अर्धा तास सोडला होता, जीसीत वाहक हीलियम आणि वायू ओळखायला टीसीडी हा शोधक आहे.

रसायन_रसिक: मग पहिला संशय हीलियमवर घ्यावा लागेल. टीसीडी वायूंच्या उष्णतावहनातला फरक मोजतो, आणि हीलियम व हायड्रोजन यांची वाहकता इतकी जवळची आहे की थोडा हायड्रोजन असला तरी शिखर अगदी लहान किंवा वेडेवाकडे येते. आर्गॉन किंवा नायट्रोजन लावा. दुसरे म्हणजे कार्बन नायट्राइडचा पट्टाभेद (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतच प्रकाश शोषते; पांढऱ्या एलईडीतला बराच प्रकाश त्याच्या पलीकडचा असल्याने वाया जातो.

प्लॅटिनमवादी: वाहक वायूचा मुद्दा मान्य आहे. पण ट्रायइथॅनोलअमाइन इलेक्ट्रॉन पुरवत असताना याला पाण्याचे विघटन म्हणू नये. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत्अग्रावर ऑक्सिजनसुद्धा मिळवला होता. अवघड भाग तोच आहे, कारण त्यासाठी चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात.

निकेल_प्रकल्प: जस्ताचा हायड्रोजन भरपूर सोडला, तरी हीलियमवर शिखर उलटे आणि अगदी लहान आले. आर्गॉनची सोय होत आहे. एलईडी ४०५ नॅनोमीटरचा घ्यावा की ४२० चा?

रसायन_रसिक: शोषण जास्त हवे तर ४०५ घ्या, मात्र बरेच आकडे ४२० नॅनोमीटरच्या पुढच्या प्रकाशात दिलेले असतात, म्हणून अहवालात तरंगलांबी अवश्य लिहा. निकेलशिवाय एक आणि अंधारात एक अशा दोन बाटल्याही सोबत लावा.