जुनी तायाना ३७ घ्यायची आहे: लंकावीत जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीत नेमकं काय बघावं?

पश्चिमवारा:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे सिंगापूरला असतो. दोन-तीन वर्षं बोटीवरच राहून हिंदी महासागर फिरायचा बेत आहे. लंकावीला (मलेशियातलं बेट) एक तायाना ३७, म्हणजे शिडाची बोट, विक्रीला आहे, तिचा तपशील असा:

१९८४ सालची, कटर रिग (डोलकाठीच्या पुढे दोन शिडं), डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची. इंजिन पर्किन्स ४-१०८, मीटरवर ४,३०० तास. सागवानी डेक मूळचाच. डिझेलची लोखंडी टाकीही मूळची, नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) पुढच्या बर्थखाली. उभं रिगिंग (डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा) २०१३ मध्ये बदललेलं. गेली दोन वर्षं बोट यार्डात जमिनीवर आहे. सोबत ४०० वॅट सोलर, २०० एएच (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी, वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र), मॉनिटर विंडवेन (वाऱ्याच्या जोरावर बोट दिशेवर ठेवणारं साधन), रडार, चार्टप्लॉटर, एआयएस (जहाजांची जागा रेडिओवरून कळवणारी यंत्रणा), लाइफराफ्ट आणि ईपर्ब (संकटात मदत मागणारं रेडिओ-यंत्र). मागणी ४८,००० अमेरिकी डॉलर. ब्रोकरचं म्हणणं, सामान भरा आणि निघा.

सर्व्हेअर नेमणारच आहोत, पण त्याचे पैसे भरण्याआधी दोन दिवस जाऊन स्वतः बघायचं आहे. कुठे बघू? या सामानाच्या यादीला किती किंमत द्यावी? आणि आत्ता जुलै आहे, तर येत्या जानेवारीत श्रीलंकेकडे निघता येईल का?

खलाशीकाका:

बोट निवडलीत ती चांगली आहे. रॉबर्ट पेरीचं डिझाइन, बांधणी तैवानची, सहाशेच्या आसपास बोटी बनल्या आणि त्यातल्या कित्येक पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. वजन दहा टनांच्या पुढे, लांब कील (तळाचा खाली उतरलेला वजनदार कणा), सुकाणू कीलच्या मागे सुरक्षित. हल (बोटीचं बाहेरचं अंग) सबंध फायबरग्लासचा, थरांमध्ये वेगळा गाभा नाही. म्हणजे मुख्य सांगाड्याची चिंता कमी. या बोटी खर्चात पाडतात त्या चार जागी: चेनप्लेट (रिगिंगच्या तारा बोटीला जोडणाऱ्या पट्ट्या), बोस्प्रिट (नाळेतून पुढे आलेला दांडा), डेक आणि ती नाळेतली टाकी. तुमच्या जाहिरातीत या चारांपैकी एकाबद्दलही "नवीन" हा शब्द नाही, हे आधी लक्षात घ्या.

चेनप्लेट डेकमधून खाली जातात. स्टेनलेस स्टील उघड्यावर चकचकीत राहतं, पण जिथे ओल असते आणि हवा पोचत नाही, म्हणजे नेमकं डेकच्या जाडीत, तिथे त्याला खड्डे पडतात आणि बारीक चिरा जातात. वरून आणि खालून बघून हे कळत नाही. आतलं कपाट उघडून प्लेटच्या मागच्या लाकडावर तपकिरी ओघळ आहेत का ते टॉर्चने बघा. ओघळ असतील तर तिथून पाणी येतंच आहे. सर्व्हेच्या वेळी दोन्ही बाजूंची एकेक प्लेट काढून दाखवण्याची अट घाला. एकीलाही चीर दिसली तर सगळ्या बदलायच्या, त्यात घासाघीस नको.

बोस्प्रिट लाकडाचा असेल तर टोकाच्या लोखंडी कड्याखाली आणि डेकवर टेकतो तिथे कुजतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, पण ब्रोकर बाजूला गेल्यावर. वार्निश वरून सुरेख असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉबस्टे, बोस्प्रिटच्या टोकापासून पाण्याच्या रेषेजवळ हलला जोडलेली आधाराची तार. त्याचं खालचं फिटिंग अर्धा काळ पाण्यात असतं. ते तुटलं तर बोस्प्रिट वर उचलला जातो, फोरस्टे (डोलकाठीची पुढची तार) ढिला पडतो आणि पाठोपाठ डोलकाठी जाते. रिगिंग बदलताना लोक तारा बदलतात आणि हे फिटिंग तसंच ठेवतात. २०१३ च्या बिलात ते आहे का विचारा.

तसंही २०१३ चं रिगिंग आता जुनंच. विमा कंपन्या साधारण दहा-बारा वर्षांनंतर बदला म्हणतात. खालच्या बाजूच्या स्वेज टर्मिनलवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) भिंगाने उभी चीर शोधा. पाणी तारेवरून उतरून तिथेच साचतं, म्हणून वरच्यापेक्षा खालची आधी जातात. माझ्या हिशेबात हे रिगिंग "बदलायचं" या रकान्यात जाईल.

एक गोष्ट उलटी आहे. दोन वर्षं कोरडी राहिलेली बोट ओलाव्याच्या मीटरवर छान दिसते. हलवर ऑस्मोसिसचे (फायबरग्लासमध्ये पाणी मुरून येणारे) फोड आले असतील तर तेही सुकून बसतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे "मीटर रीडिंग उत्तम" या वाक्याला इथे फारसं वजन देऊ नका. शेवटची पाण्यातून काढली तेव्हाचे फोटो मागा. कीलमधलं वजन ओतीव लोखंडाचं आणि फायबरग्लासमध्ये बंद आहे, म्हणजे कील-बोल्टची भानगड नाही. पण तळाचा ग्लास कुठे फुटलेला असेल तर पाणी आत जाऊन लोखंड फुगतं. तो भाग सध्या ठोकळ्यांखाली लपलाय. क्रेनच्या पट्ट्यांवर उचलली की पाचच मिनिटं का होईना, तळ नीट बघून घ्या.

बिल्जपंप:

काकांनी टाकीचं नाव घेऊन सोडून दिलं, म्हणून तिथून सुरू करतो.

साधारण ३८० लिटरची टाकी आहे. भरली की डिझेलचंच वजन सव्वातीनशे किलोच्या घरात. तिच्या पुढे नांगराची साखळी. १० मिमीची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे ८० मीटरला १८० किलो. सगळं मिळून अर्धा टन नाळेत, मग समोरच्या लाटांवर बोट जागच्या जागी डोलत बसते. त्यात टाकी लोखंडी. उष्ण प्रदेशात अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतलं पाणी सुटून तळाला बसतं, त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, काळा चिकट गाळ होतो आणि तळ आतून गंजतो. बाहेरून साखळीच्या खणातलं खारं पाणी काम करतंच. दोन वर्षं उभ्या बोटीत हे झालेलं नसेल तर नवल. पुढच्या बर्थखालची फळी काढून हात घाला, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खळग्यात) डिझेलचा वास घ्या, आणि फिल्टरचा वाडगा उघडून तळाशी काय आहे ते बघा.

बदलायची झाली तर टाकी अखंड बाहेर निघत नाही. बर्थचं सुतारकाम मोडावं लागतं किंवा टाकी आतच कापावी लागते. कापण्याआधी डिझेल काढून, आत धुऊन, वाफ पूर्ण घालवायची. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि बंद केबिन, बाकी सांगायला नको. तेवढ्याच मापाची नवी टाकी परत नाळेत बसवू नका. मध्यभागी सेटीखाली (बसायच्या बाकाखाली) दोन छोट्या बसवा. वजन मागे येतं आणि एका टाकीतलं डिझेल खराब निघालं तर दुसरी हाताशी असते.

इंजिन: ४-१०८ हे दणकट यंत्र, तेल गाळण्यात मात्र प्रसिद्ध. खालचा ट्रे स्वच्छ पुसलेला दिसला तर तो कधी पुसला ते विचारा. ४,३०० तास जास्त नाहीत. दोन वर्षं बंद असणं जास्त वाईट. आधी हाताने क्रँक फिरवून बघायला सांगा, थेट स्टार्टर मारू देऊ नका. इम्पेलरची (थंड पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची) पाती वाकून कडक झालेली असतात, ती सुरू करण्याआधीच बदलायची. हीट एक्स्चेंजर आणि एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (धुरात थंड पाणी मिसळणारी वाकडी नळी) काढून बघा. एल्बोत कार्बन आणि मीठ साचून नळी बोटभर उरते आणि मग इंजिन तापतं. सुरू करताना इंजिन पूर्ण थंड हवं. तुम्ही पोचायच्या आधी कोणी गरम करून ठेवलं असेल तर त्यामागे कारण असतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी. पांढरा थोड्या वेळात गेला नाही तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅस्केट.

वीज: ४०० वॅट पॅनेलला तिकडे दिवसाला साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरा आणि सावली, उष्णता, वायरिंग यात तीस टक्के वजा करा. हाती येतात साधारण १,२६० वॅट-अवर, म्हणजे शंभरेक एएच. फ्रिजच उष्ण पाण्यात ६० ते ८० खातो. नांगरावर जेमतेम भागेल, प्रवासात ऑटोपायलट लावलात तर नाही. म्हणून या यादीत खरी किमतीची वस्तू मॉनिटर विंडवेन आहे. तिला वीज लागत नाही आणि तिचे सुटे भाग मिळतात. लिथियम बॅटरी कोणी आणि कशी जोडली ते मात्र बघा. जुन्या अल्टरनेटरला ती थेट जोडली असेल तर बॅटरी मागेल तेवढा करंट देत तो तापून जळतो. आणि चार्जिंग चालू असताना बीएमएसने (बॅटरीच्या संरक्षण-यंत्रणेने) बॅटरी तोडली तर उसळलेल्या व्होल्टेजने डायोड उडतात. मध्ये डीसी-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवणारा) आणि बॅटरीजवळ क्लास-टी फ्यूज दिसला पाहिजे. नसेल तर जोडणी नव्याने करायची.

वॉटरमेकर दोन वर्षं बंद, म्हणजे मेंब्रेन (क्षार गाळणारा पडदा) गेलं असं धरूनच चाला. मेंब्रेन मिळतं, महाग असतो तो हाय-प्रेशर पंप. चालवून दाखवलाच तर पाणी टीडीएस मीटरवर (पाण्यातले क्षार मोजणाऱ्या) ५०० च्या खाली यायला हवं. मात्र ते स्वच्छ समुद्रातच, मरीनाच्या तेलकट पाण्यात नाही.

पश्चिमवारा:

दोघांचेही आभार, काका, बिल्जपंप. सागवानी डेकबद्दल दोन मतं ऐकतोय. फोटोंत सुंदर दिसतो. ठेवावा की काढावा?

खलाशीकाका:

ठेवावा, जिथे कोरडा असेल तिथे. प्लॅस्टिकच्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर खाली डेकच्या थरांमधला गाभा सडलाय (हलला नाही, पण डेकला गाभा असतो). बद्द जागांभोवती खडूने रेघ मारून फोटो काढा. डोलकाठीजवळ, चेनप्लेटभोवती आणि स्टँचनच्या (कठड्याच्या खांबांच्या) बुडाशी जास्त ठोका. दोन-चार जागा असतील तर तेवढंच उघडून दुरुस्त होतं.

दक्षिणायन:

काकांशी इथे असहमत. चाळीस वर्षांचा डेक घासून घासून पातळ झालेला असतो, स्क्रूवरची लाकडी बुचं निघायला लागतात, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे गाभ्यात जाणारं एक भोक. असे हजारभर. शिवाय विषुववृत्ताजवळ अनवाणी पाय ठेववत नाही आणि खालची केबिन तापते. काढायचाच. प्रत्येक भोक १० मिमीपर्यंत रुंद करायचं, ओला गाभा काढायचा, पूर्ण सुकू द्यायचं, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं, वर ग्लासचा थर आणि घसरू नये असा रंग.

पण हे काम कधी करणार, यातच तुमच्या जानेवारीचं उत्तर आहे. लंकावीत सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वात पावसाचे. उघडा डेक आणि पाऊस हे जमत नाही, आणि ओल्या गाभ्यावर इपॉक्सी ओतणं म्हणजे पाणी आत कोंडणं. डिसेंबर ते मार्च कोरडं असतं. नेमकी तीच श्रीलंकेला जायची वेळ, ईशान्य मोसमी वारा पाठीशी असतो. फुकेतहून गॉल सुमारे ११०० सागरी मैल, पुढे मालदीवचं उलिगामू आणखी साडेचारशेच्या आत. डेकचं काम आणि हा प्रवास, दोन्ही एका हंगामात होणार नाही. पावसाळ्यात टाकी, चेनप्लेट, वायरिंग अशी आतली कामं करा, कोरड्या हंगामात डेक. मग उरलेले आठवडे लंकावी ते फुकेत या सव्वाशे मैलांतल्या बेटांमध्ये फिरा; काय गळतं, काय सुटतं ते तिथेच कळू दे. श्रीलंका त्यापुढच्या जानेवारीत. गॉलच्या आधी डोंड्रा हेडच्या दक्षिणेला मालवाहू जहाजांची रांग लागलेली असते. तिथे एआयएस नुसतं दिसणारं नाही, प्रक्षेपण करणारं हवं.

सामानाच्या किमतीबद्दल: विंडवेन आणि चालत असेल तर रडार सोडून बाकी यादी शून्य धरा. लाइफराफ्टच्या डब्यावरची सर्व्हिसची तारीख बघा, उलटून गेली असेल तर त्याला शून्याहून कमी. ईपर्ब जुन्या झेंड्याच्या देशाच्या कोडवर आहे. तुम्ही दुसऱ्या देशात नोंदणी केलीत की तो नव्याने कोड करून घ्यावा लागतो, नाहीतर संकटात मदतकेंद्राचा फोन जुन्या मालकाला जाईल. एआयएसमध्येही एमएमएसआय (बोटीचा रेडिओवरचा ओळख) क्रमांक एकदा घातला की बहुतेक यंत्रांत वापरणाऱ्याला बदलता येत नाही, विक्रेत्याकडून रीसेट करावा लागतो.

कागदपत्रांत हलवरचा क्रमांक, विक्रीपत्र आणि सध्याची नोंदणी या तिन्हींतलं नाव जुळलं पाहिजे. जुन्या रजिस्ट्रीतून नाव काढल्याचा दाखला मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या. आणि दोन वर्षांचं यार्डभाडं भरलंय का, हे ब्रोकरला नाही, यार्डाच्या ऑफिसात जाऊन विचारा. थकलं असेल तर यार्ड बोट सोडणार नाही, मग मालक कोणीही असो.

बिल्जपंप:

डेकबाबत दक्षिणायन यांना +१. फक्त ऑफर देताना एक करा: "सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक असल्यास" ही अट लिहून घ्या आणि बोट पाण्यात उतरवायचा, परत काढायचा खर्च कोणाचा तेही त्यातच लिहा. सहसा तो घेणाऱ्याकडे येतो. चाचणीत इंजिन पूर्ण थ्रॉटलवर दहा मिनिटं चालवा आणि तापमानाचा काटा स्थिर राहतो का ते बघा. मॅन्युअलमधले कमाल आरपीएम गाठत नसेल तर आधी प्रोपेलर बघा. दोन वर्षं जमिनीवर असलेल्या बोटीवर शिंपले नसतील, पण चुकीच्या पिचचा (पात्यांच्या पिळाचा) प्रोपेलर असू शकतो.

पश्चिमवारा:

काकांनी सांगितलेली हातोडी आणि बिल्जपंप यांनी सांगितलेला टीडीएस मीटर, दोन्ही घेतलं. ब्रोकरला चेनप्लेट काढून दाखवण्याबद्दल लिहिलं, तर उत्तर आलं की "मालकाची तयारी नाही, पण किमतीत बघता येईल".

खलाशीकाका:

मग रिगिंग, चेनप्लेट, टाकी आणि डेक या चारही कामांची कोटेशनं यार्डाकडूनच लेखी घ्या, बेरीज करा आणि तेवढी मागणीतून वजा करून ऑफर द्या. माझा अंदाज, मागणीच्या निम्म्याच्या आसपास याल. त्याला नकार आला तर सोडून द्या. तायाना ३७ पुष्कळ आहेत.